छात्रसैनिकाची शंका

जून महिना उजाडून शाळा सुरू झाल्या, कीं ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीच्या वर्गांत गेली असेल, त्या घरांत एक नवी वस्तु येण्याचा संभव असतो. ती वस्तु म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचा गणवेश होय. खाकी सदरा, खाकी विजार, कमरेचा पट्टा, बेरे टोपी आणि काळे जड बूट ह्यांचें गांठोडें माजघरांत उघडलें म्हणजे सारें घर त्याच्या भोंवतीं जमतें. आजोबा पट्ट्याचें पितळ निरखून पाहतात. आई विजारीच्या कमरेला किती टांके घालावे लागतील ह्याचा अंदाज घेते. धाकटीं भावंडें टोपी डोक्यावर चढवून आरशाकडे धांव घेतात. ज्याचा तो गणवेश, तो मात्र जरा बाजूला उभा राहून मनाशीं प्रश्न जुळवीत असतो. टोपी कोणत्या बाजूस झुकवावयाची? बाह्या किती दुमडावयाच्या? मनगटावर आजीनें बांधलेला दोरा चालेल काय? केंस किती आंखूड हवेत? ह्या प्रश्नांचें उत्तर त्याला कोण देतो आणि कसें देतो, ह्याचा विचार आम्हीं या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. विषय दिसावयास लहान आहे, परंतु त्याच्या पोटांत पुष्कळ कांहीं सांठलेलें आहे.

ही छात्रसेना आपल्याकडे कालपरवांची नव्हे. १९१७ सालीं विद्यापीठांतील तरुणांसाठीं तिचा पहिला अवतार निघाला आणि १९२० नंतर तो युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला. पुढें १९४६ सालीं पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली आणि तिच्या शिफारशींना अनुसरून १९४८ च्या कायद्यानें आजची राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. १९४९ सालीं मुलींचा विभाग निघाला. त्यानंतर वायुदल व नौदल ह्यांच्या शाखा आल्या आणि खाकीच्या जोडीला नौदलाचा शुभ्र व वायुदलाचा निळसर गणवेशहि शाळा-कॉलेजांच्या पटांगणांवर दिसूं लागला. चीनशीं झालेल्या युद्धानंतर १९६३ सालीं हें शिक्षण कॉलेजांतून सक्तीचें झालें होतें. १९६८ सालीं तें पुन्हा ऐच्छिक करण्यांत आलें. शिवाय छात्रसैनिकावर प्रत्यक्ष युद्धसेवेचें बंधन नाहीं, असें मूळ कायद्यांतच नमूद आहे. ह्याचा अर्थ एवढाच कीं, जो मुलगा आज रांगेंत उभा आहे तो आपण होऊन उभा आहे. त्याला कोणीं पकडून आणलेलें नाहीं. जो आपल्या इच्छेनें आला त्याला अपमानानें घालवून देणें फार सोपें असतें, आणि एकदां गेलेला तो सहसा परत येत नाहीं.

‘छात्रसैनिक’ ह्या शब्दांत ‘छात्र’ हें पद आधीं आहे आणि ‘सैनिक’ हें मागून आलें आहे, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. छात्र ह्या शब्दाची जुन्या वैयाकरणांनीं दिलेली व्युत्पत्ति मोठी गमतीची आहे. छत्र म्हणजे झांकण. जो गुरूच्या दोषांवर छत्रासारखें झांकण घालतो तो छात्र, असें ते सांगतात. शिष्याची ही निष्ठा उदात्त आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु ती झांकण्याची पाळी शिष्यावर उठल्याबसल्या येऊं नये, एवढी काळजी गुरूनें घ्यावयास नको काय?

आतां प्रत्यक्ष पटांगणावर काय घडतें तें पाहूं. नवा मुलगा भीतभीत विचारतो, “दादा, टोपीचा बिल्ला कोठें यावयास पाहिजे?” दादा म्हणजे त्याच्याहून एक इयत्ता पुढें असलेला, बाहीवर नुकतीच फीत मिळालेला मुलगा. तो उत्तर न देतां शेजाऱ्याकडे पाहून हंसतो आणि म्हणतो, “एवढेंहि ठाऊक नाहीं? मग आलास कशाला?” रांगेंतले बाकीचे मुलगेहि हंसतात. त्यांच्यापैकीं निम्म्यांना तें ठाऊक नसतें; पण न विचारल्यामुळें त्यांची अब्रू शाबूत राहिलेली असते. ह्या एका क्षणांत दहा मुलांना एक धडा मिळतो. तो धडा बिल्ला कोठें लावावा हा नव्हे. ठाऊक नसलें तरी ठाऊक असल्याचा आव आणावा, हा तो धडा होय.

हें असें कां होतें? आमच्या मतें ह्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें, उत्तर देणाऱ्यालाच उत्तर माहीत नसतें आणि हंसण्याखालीं तें अज्ञान चांगलें झांकतां येतें. दुसरें, गेल्या वर्षीं त्यालाहि कोणीतरी असेंच हंसलेलें असतें आणि तें उसनें तो आतां भलत्याच माणसाला फेडीत असतो. तिसरें कारण अधिक खोल आहे. प्रश्न विचारणें म्हणजे हुकमाला आव्हान देणें, अशी एक समजूत आपल्या मनांत घर करून बसली आहे. ही समजूत सैन्यांतून आलेली आहे असें कोणी म्हणेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. ती मुलाच्या अंगावर खाकी सदरा चढण्यापूर्वींच त्याच्या घरांत त्याला भेटलेली असते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. कोंकणांतून पुण्यास येऊन स्थायिक झालेलें हें मोठें घर. आजी-आजोबा, दोन कर्ते मुलगे, सुना, नातवंडें अशीं बारा माणसें एका पंक्तीस जेवणारीं. घरांतला तेरा वर्षांचा नातू छात्रसेनेंत दाखल झाला आणि दहा दिवसांच्या शिबिराला गेला. परत आल्यावर स्नानाच्या वेळीं आजीच्या लक्षांत आलें कीं त्याच्या गळ्यांत जानवें नाहीं. तें ट्रंकेच्या खिशांत गुंडाळून ठेवलेलें सांपडलें. मग काय विचारतां! आजीनें जेवण सोडलें. आजोबांनीं छात्रसेनेंतून नांव काढून टाकण्याची आज्ञा केली. शिक्षणखात्यापासून काळापर्यंत सर्वांना दोष देऊन झाला. मुलाला मात्र कोणीं कांहीं विचारलें नाहीं. रात्रीं धाकट्या काकानें त्याला गच्चीवर नेलें आणि हळूच विषय काढला. मुलगा म्हणाला, “काका, मला कोणीं काढायला सांगितलें नाहीं. मीं नुसतें विचारलें, कीं गणवेशांत हें चालतें ना? तर ते मला सगळ्यांच्या देखत भटजी म्हणाले. मग रोज तेंच. मला वाटलें, काढलें म्हणजे हंसायचे थांबतील.”

“मग थांबले का?” काकानें विचारलें.

“नाहीं,” मुलगा म्हणाला.

काका समंजस होता. तो भांडावयास गेला नाहीं. शाळेंतील जे शिक्षक छात्रसेनेचे अधिकारी म्हणून काम पाहत त्यांना भेटला. त्या गृहस्थांनीं प्रथमच सांगितलें, “नियम पाहून सांगतों.” दोन दिवसांनीं त्यांनीं नातवाला व त्या मोठ्या मुलाला एकत्र बोलाविलें आणि समजावून दिलें कीं, सदऱ्याच्या आंत राहून जें बाहेर दिसत नाहीं त्याविषयीं गणवेशाची कांहीं तक्रार नाहीं, दोरावरून उतरण्याच्या वेळीं मात्र तें नीट खोंचून घ्यावें, म्हणजे कशांत अडकणार नाहीं. त्या मोठ्या मुलाला त्यांनीं शिक्षा केली नाहीं. त्याला एक वही दिली आणि काम सांगितलें कीं, दर आठवड्यास नव्या मुलांच्या गणवेशासंबंधींच्या शंका ह्या वहींत लिहून घ्याव्या, त्यांचीं उत्तरें कोठें लिहिलेलीं आहेत तें शोधावें आणि पुढच्या कवाइतीपूर्वीं तीं सर्वांना वाचून दाखवावीं. दोन-चार आठवड्यांत त्या मुलाच्या ध्यानांत आलें कीं ज्या गोष्टींबद्दल आपण दुसऱ्यांना हंसत होतों त्यांतल्या पुष्कळ आपल्यालाहि धड माहीत नव्हत्या. हंसणें आपोआप बंद पडलें.

ह्या हकीकतीचा उत्तरार्ध आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. कांहीं दिवसांनीं त्याच घरांतल्या सात वर्षांच्या नातीनें आजीला विचारलें, “आजी, सोंवळ्यांत असतांना तुला आम्ही शिवायचें नाहीं, पण मांजर शिवलें तर कां चालतें?” मोठ्या सुना पदराआड हंसल्या. आजीच्या तोंडांतून नेहमींचें उत्तर निघालें, “असलें विचारायचें नसतें.” पण तेवढ्यांत तिची दृष्टि नातवाकडे गेली. तो खालीं मान घालून जेवत होता. आजी क्षणभर थांबली आणि नातीला म्हणाली, “हात धुवून ये, मग सांगतें. जेवढें मला ठाऊक आहे तेवढें सांगतें.” आमच्या मतें त्या दिवशीं त्या घरांत एक मोठी गोष्ट घडली.

“जेवढें ठाऊक आहे तेवढें सांगतें,” हें वाक्य आपल्या परंपरेला अपरिचित नाहीं. प्रश्नोपनिषद् हें उपनिषद् तर प्रश्नांच्याच नांवानें ओळखलें जातें. सहा जिज्ञासु हातांत समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. ऋषींनीं त्यांना वर्षभर तपानें व श्रद्धेनें राहावयास सांगितलें आणि वचन दिलें कीं, त्यानंतर वाटेल तें विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सारें सांगूं. ‘ठाऊक असेल तर’ ही अट एवढ्या मोठ्या ऋषीनें आपण होऊन घातली, हें पाहण्यासारखें आहे. त्या सहांपैकीं एकाचे प्रश्न फार अवघड होते. तूं मर्यादेपलीकडचें विचारतोस, असें ऋषींनीं त्याला म्हटलेंहि. परंतु तूं ब्रह्मनिष्ठ आहेस म्हणून सांगतों, असें म्हणून उत्तर दिलें. शेवटचा शिष्य भारद्वाज. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ आपल्याकडे एक प्रश्न घेऊन आला होता, तेव्हां आपण त्याला काय सांगितलें तें तो निवेदन करतो. मला हें ठाऊक नाहीं. ठाऊक असतें तर तुला कां न सांगतों. जो खोटें बोलतो तो मुळासकट सुकून जातो, असें त्यानें राजपुत्राला सांगितलें होतें. राजपुत्र मुकाट्यानें रथावर चढून निघून गेला. भारद्वाज मात्र तोच प्रश्न मनांत बाळगून गुरूच्या दारीं आला. आपलें अज्ञान मान्य करणारा असा ज्ञानमार्गांत पुढें जातो.

आपल्या परंपरेंत दुसरी बाजूहि आहे, ती लपविण्याचें कारण नाहीं. बृहदारण्यकांत गार्गीनें प्रश्नावर प्रश्न विचारले तेव्हां याज्ञवल्क्यांनीं, अतिप्रश्न करशील तर मस्तक गळून पडेल, असा धाक तिला घातला. गार्गी त्या वेळीं थांबली. परंतु थोड्या वेळानें तीच पुन्हा उठली, ब्राह्मणांची अनुज्ञा घेऊन तिनें आणखी दोन प्रश्न विचारले, आणि ह्या खेपेस याज्ञवल्क्यांनीं तिला पूर्ण उत्तर दिलें. सर्वच मुलें गार्गीसारखीं पुन्हा उठत नाहींत. बहुतेक एकदांच विचारतात.

कोणी म्हणेल, हें सारें आश्रमांत ठीक. फौजेंत कारणें सांगत बसलें तर लढाई व्हावयाची कशी? तर फौजेचेंच उदाहरण घेऊं, आणि तेंहि महाराष्ट्रांतलें. चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांच्या दरबारांतून गेलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत हुकूम तर आहेतच, परंतु प्रत्येक हुकमाच्या मागें त्याचें कारण उलगडून सांगितलें आहे. दाणावैरण बेतानें खर्च करा. नाहींतर ऐन पावसाळ्यांत ती संपेल, घोडीं मरतील, तुम्ही रयतेला उपद्रव द्याल आणि मग मोगल परवडला असें लोक म्हणूं लागतील. रात्रीं दिवे जळत ठेवूं नका. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सारी पागा होरपळेल. ज्याच्या एका शब्दानें गड चढले व उतरले जात, त्याच्या दरबारानें शिपायांना उंदराची गोष्ट समजावून सांगावी, ह्यांत कोणाला कमीपणा वाटला नाहीं.

सातासमुद्रांपलीकडचीहि साक्ष आहे. १७७८ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत तेथील नवशिक्या सैन्याला कवाईत शिकविणारा प्रशियन अधिकारी फोन श्टॉयबेन ह्यानें आपल्या एका युरोपीय स्नेह्याला कळविलें होतें कीं, तुमच्याकडे शिपायाला अमुक कर म्हटलें कीं तो करतो. येथें मला त्याचें कारण सांगावें लागतें, आणि मग तो करतो. त्याच्या शिकवणीनें तें सैन्य दुबळें झालें नाहीं, उलट सावरलें. पुढें ११ ऑगस्ट १८७९ रोजीं वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयाचे प्रमुख जनरल स्कोफील्ड ह्यांनीं आपल्या छात्रांपुढें भाषण केलें. स्वतंत्र देशाचा सैनिक ज्या शिस्तीच्या जोरावर लढाईंत भरंवशाचा ठरतो ती शिस्त कठोर व जुलमी वागणुकीनें येत नाहीं. अशा वागणुकीनें सैन्य घडण्याऐवजीं मोडण्याचाच संभव अधिक. जो दुसऱ्याचा मान राखतो त्याच्याविषयीं दुसऱ्याच्या मनांत आपोआप आदर उपजतो, असा त्याचा आशय होता. तो उतारा तेथील छात्र पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ करीत आले आहेत.

कारण सांगावें म्हणजे काय करावें, हेंहि थोडें स्पष्ट केलें पाहिजे. गणवेशाचे नियम तीन जातींचे असतात. पहिली जात उपयोगाची. बुटाची नाडी लोंबती ठेवूं नये, कारण धांवतांना पाय अडकतो. बोटांत अंगठी नको, कारण दोर धरून उतरतांना किंवा भिंतीवरून उडी टाकतांना ती अडकून बोटाला भयंकर इजा होते. खाकी रंगच पहा. ‘खाक’ म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पलटणीनें धुळीशीं मिळून जाणारा हा रंग पत्करला आणि तेथून तो जगभर पसरला. बेरे टोपी १९२४ सालीं इंग्रजांच्या रणगाडा-पथकानें स्वीकारली, कारण रणगाड्याच्या अरुंद पोटांत कांठाची टोपी अडचणीची होई. दुसरी जात एकसारखेपणाची. बाहीची घडी इतकीच रुंद कां, तितकी कां नको, ह्याला खरोखर कारण नसतें. सर्वांची सारखी असावी हेंच कारण. रस्त्याच्या डाव्या बाजूनें जाण्यासारखी ही गोष्ट आहे. आणि ह्यांतहि एक मोठा अर्थ आहे, कारण रांगेंत उभा राहिल्यावर सावकाराचा मुलगा कोणता आणि शिपायाचा कोणता, हें कपड्यांवरून ओळखतां येत नाहीं. तिसरी जात स्मृतीची व मानाची. बिल्ला, तुरा, फीत हीं मागील पिढ्यांची आठवण आणि आजच्या पथकाची ओळख वागवीत असतात.

मुलानें शंका विचारली म्हणजे त्याचा नियम ह्यांपैकीं कोणत्या जातीचा आहे, तें त्याला सरळ सांगावें. “ह्याला दुसरें कारण नाहीं, सर्वांनीं सारखें दिसावें एवढेंच,” हें उत्तर प्रामाणिक आहे आणि मुलाला तें पटतें. पटत नाहीं तें ऐनवेळीं जुळवून सांगितलेलें खोटें कारण. मुलगा आज ना उद्यां तें शोधून काढतो आणि मग त्या वडीलधाऱ्याच्या खऱ्या गोष्टींवरूनहि त्याचा विश्वास उडतो.

आतां एक नाजूक गोष्ट. पुष्कळदां मुलाचा प्रश्न वरून एक असतो आणि आंतून दुसराच असतो. “दोन मोजे घातले तर चालतील का?” असें विचारणाऱ्याचा बूट मोठा असतो आणि टाचेला फोड आलेला असतो. “पट्टा ह्याच दुकानाचा पाहिजे का?” असें विचारणाऱ्याच्या घरीं महिन्याची अखेर असते आणि वडिलांना कसें सांगावें ह्या विवंचनेंत तो असतो. नौदल-शाखेंतील एखादी मुलगी, शुभ्र विजारीऐवजीं आज दुसरें कांहीं नेसून आलें तर चालेल का, असें अडखळत विचारते, तेव्हां तिच्या महिन्याच्या अडचणीचे दिवस असतात, हें चार माणसांत ती बोलूं शकत नाहीं. अशा वेळीं “नियम म्हणजे नियम” एवढेंच बोलून पाठ फिरविणारा मनुष्य फार शिस्तीचा असेल, परंतु त्याला माणसांना पुढें नेतां येणार नाहीं. नियम मोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. बाजूला घेऊन विचारावें, ऐकावें आणि नियमांत जो मार्ग असेल तो दाखवावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. शंभरांत नव्वद वेळां तसा मार्ग निघतो.

ह्यापुढची गोष्ट ह्याहूनहि गंभीर आहे. छात्रसैनिकाला केवळ पट्टा चकचकीत करावयास शिकवीत नाहींत. त्याच्या हातीं ०.२२ ची रायफलहि देतात. चांदमारीच्या मैदानावर बंदुकीचें तोंड कोणीकडे असावें, बोट घोड्यावर केव्हां ठेवावें, नळींत गोळी उरली आहे कीं नाहीं हें कसें पहावें, ह्या गोष्टी नीट न कळल्या तर मुलानें तेथल्या तेथें विचारलें पाहिजे. ज्या मुलाला बिल्ल्याची शंका विचारल्याबद्दल महिनाभर चिडविलें, तो बंदुकीची शंका विचारील काय? तो ओठ मिटून शेजाऱ्याकडे पाहील आणि तो करील तसें करील. पोहण्याच्या तलावाच्या कांठावर, दोराच्या पुलावर, उन्हांत चक्कर येऊं लागली असतां रांगेंत, सर्वत्र हेंच होईल. गणवेशाचा प्रश्न हा मुलाचा पहिला प्रश्न असतो. तो चुकला तरी कोणाचा प्राण जात नाहीं. म्हणून विचारण्याची संवय लावून देण्यास ह्याहून सुरक्षित जागा दुसरी नाहीं. तेथें जें तोंड आपण बंद करतों तें पुढें प्राणावर बेतलें तरी उघडत नाहीं.

विचारणाऱ्यावरहि कांहीं कर्तव्यें आहेत, आणि तीं मुलांना घरांतूनच शिकविलीं पाहिजेत. ‘सावधान’चा हुकूम झाल्यावर रांगेंतून शंका काढावयाची नसते, ‘विश्राम’ मिळाल्यावर, परवानगी मागून, उभें राहून विचारावयाचें असतें. पुस्तकांत सहज सांपडणारें उत्तर आधीं स्वतः शोधावें. हुकूम तातडीचा असेल तर आधीं पाळावा आणि मागून विचारावें. उत्तर पटलें नाहीं तरी तें ऐकून घ्यावें आणि वरिष्ठाकडे जावयाचें तर त्याला सांगून जावें. गीतेनें ज्ञान मिळविण्याचे जे उपाय सांगितले त्यांत प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा हीं तिन्ही एका ओळींत आहेत. नमस्कार करून प्रश्न विचारला म्हणून प्रश्नाची धार जात नाहीं, आणि प्रश्न विचारला म्हणून नमस्कार खोटा ठरत नाहीं. दोन्हीं एकाच शिष्याला शोभतात.

उत्तर देणाऱ्यांत सर्वांत मोठी जबाबदारी आमच्या मतें त्या एक वर्ष मोठ्या मुलावर असते. अधिकारी-शिक्षक नागपुरानजीक कामठी येथें जाऊन आपलें शिक्षण घेऊन आलेले असतात. पलटणींतून आलेले हवालदार व सुभेदार वर्षानुवर्षें हेंच काम करीत असतात. बाहीवर पहिली फीत मिळालेल्या पोरानें मात्र अधिकार म्हणजे काय हें अजून पाहिलेलें नसतें, आणि नव्या मुलांशीं त्याचाच सर्वांत अधिक संबंध येतो. म्हणून ज्या घरांतील मुलाला अशी फीत मिळाली असेल त्या घरानें पेढे अवश्य वांटावे. परंतु त्याच दिवशीं त्याला जवळ बसवून एवढें सांगावें, कीं बाळ, आजपासून तुला लहान मुलें विचारतील. ठाऊक असेल तें सांग. नसेल तर ठाऊक नाहीं म्हण आणि शोधून सांग. चारचौघांत कोणाला हंसूं नकोस. तुझ्या फितीचा मान तुझ्या आवाजानें वाढणार नाहीं, तुझ्याकडे पुन्हा विचारावयास येणाऱ्या मुलांनीं वाढेल.

हा उपदेश मुलाच्या मनांत मुरावा असें वाटत असेल तर त्याचा अनुभव त्याला घरांत आला पाहिजे. आपलीं एकत्र कुटुंबें हींहि एक प्रकारचीं पथकेंच आहेत. त्यांतहि वडीलधारे व धाकटे आहेत, पंक्तीची व पूजेची शिस्त आहे, कोणीं कोठें बसावें, काय नेसावें, केव्हां बोलावें ह्याचे अलिखित नियम आहेत. त्या नियमांतहि उपयोगाचे, एकसारखेपणाचे आणि स्मृतीचे अशा तिन्ही जाती मिसळलेल्या आहेत. आणि ज्यांचें प्रयोजन केव्हांच संपून गेलें असे कांहीं नियमहि त्यांत आहेत. धाकट्यांच्या प्रश्नांनीं ह्या साऱ्यांची निवड होते. जो नियम कारणासह सांगतां येतो तो पुढच्या पिढींत टिकतो. ज्याच्यामागें नुसता दरारा असतो तो दरारा संपतांच नाहींसा होतो, आणि त्याच्याबरोबर चांगले नियमहि वाहून जातात. आपल्या घरांतील कित्येक सुंदर चाली अशाच गेल्या, त्यांच्याबद्दल कोणी विचारलें असतां कोणीं धड सांगितलें नाहीं म्हणून गेल्या, असें आम्हांला राहून राहून वाटतें.

तेव्हां गृहस्थांना व गृहिणींना आमची विनंति आहे कीं, ह्या वर्षीं घरांत गणवेश आला असेल तर टोपी कशी घालावी एवढेंच पाहूं नका. रविवारीं सकाळीं कवाईत आटोपून मूल घरीं येईल तेव्हां, आज काय शिकविलें हें विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारा: आज तूं काय विचारलेंस, आणि त्याला उत्तर काय मिळालें? पहिल्या दिवशीं तें गोंधळेल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मोकळेपणानें बोलूं लागेल, आणि त्या बोलण्यांतून तुम्हांला त्याच्या बुटांतला फोडहि कळेल व मनांतलाहि. अशा मुलांच्या हातीं उद्यां घर जाईल, पथक जाईल, आणि त्यांच्यापुढें त्यांच्याहून लहान कोणीतरी टोपी हातांत घेऊन भीतभीत उभें राहील. त्याला हंसतमुखानें उत्तर मिळावें, ह्याची तयारी आपल्याला आज आपल्या माजघरांत करावयाची आहे.